जुने पाने आणि हत्यारं: ओळखायची कशी, जमवायची कशी

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटच्या आसपास हिंडताना ताडपत्रीवर ओतलेला पान्यांचा ढीग हमखास दिसतो. कुठला गंजलेला, कुठला ग्रीसने माखलेला, कुणाचं तोंड फाकलेलं, कुणाचा दांडा वाकलेला. घेणारा बहुतेक वेळा आपल्याला हवा तो नंबर शोधतो, घासाघीस करतो आणि निघून जातो. पण त्याच ढिगात बर्मिंगहॅमला घडवलेला, जर्मनीतल्या रेमशाइडचा आणि आपल्या नाशिकचा पाना शेजारी शेजारी पडलेले असतात. कोणता पाना कोणत्या यंत्रासाठी आणि साधारण कोणत्या काळात बनला, हे त्यांच्याच अंगावरून कळतं. ते वाचायचं कसं, कोणता घ्यायचा, घरी आणल्यावर काय करायचं, हे इथे क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगायला हवी: आधी माप, मग नाव. नवा संग्राहक नामांकित शिक्क्यामागे धावतो. शिक्का झिजतो, घासला जातो, खोटाही मारता येतो. तोंडाचं माप मात्र पाना कोणत्या कुळातला ते सरळ सांगतं, आणि कूळ कळलं की बाकीच्या खुणांचा अर्थ लागायला लागतो.

बाजारात जाताना सोबत काय न्यायचं

व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हवाच. डिजिटल असला तर उत्तम, कारण मिलिमीटर आणि इंच दोन्ही एका बटणावर मिळतात. शिवाय छोटं भिंग, टॉर्च, लोहचुंबक, जुना टूथब्रश, बाटलीत थोडं रॉकेल, चिंध्या आणि पांढरा खडू घ्या. खडू फार कामाचा. बुजलेल्या अक्षरांवरून खडू आडवा फिरवला आणि बोटाने वरची भुकटी पुसली, की खोलगट भागात पांढरं राहतं आणि अक्षरं उठून दिसतात. तेवढ्याने भागलं नाही तर टॉर्च वरून न मारता बाजूने, जवळजवळ पान्याला टेकवून मारा. सपाट उजेडात न दिसलेला शिक्का सावलीमुळे दिसतो. फोटोही तसाच काढा.

पहिली पायरी: तोंड मोजा

महाराष्ट्रात सापडणारे जुने पाने मुख्यतः तीन कुळांतले असतात, आणि प्रत्येक कूळ इथे यंत्रांबरोबर आलं.

पहिलं व्हिटवर्थ. ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली बोल्टच्या ५५ अंशांच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं आणि पुढे ब्रिटिश यंत्रं त्यावरच बनली. गिरणगावातले लँकेशायरहून आलेले माग, रेल्वेची इंजिनं, जुन्या ब्रिटिश मोटारसायकली, हे सगळं या कुळातलं. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली बुलेटही ब्रिटिश आटेच घेऊन आली. बारीक आट्यांचं बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) प्रमाण १९०८ साली आलं, तेही याच घरातलं.

दुसरं एएफ (अक्रॉस फ्लॅट्स), म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर इंचात. हे मुख्यतः अमेरिकी वळण. विलीज जीप, डॉज आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८-४९ च्या सुमारास ठरलेल्या युनिफाइड, म्हणजे ब्रिटन-अमेरिकेच्या सामाईक, आट्यांच्या गाड्या यात येतात. अँबॅसेडरचं बरंचसं काम याच पान्यांनी होतं.

तिसरं मेट्रिक. कुर्ल्याला बनलेली फियाट, लॅम्ब्रेटा, बजाजची व्हेस्पा, जावा, सगळ्या मिलिमीटरवाल्या.

बहुतेकांची गल्लत होते ती व्हिटवर्थमध्ये. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा तोंडाची रुंदी सांगत नाही, तो बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. म्हणून '१/४ डब्ल्यू' लिहिलेल्या पान्याचं तोंड पाव इंच नसतं, ते अर्ध्या इंचापेक्षाही मोठं असतं. एएफ पान्यावर १/२ लिहिलं असेल तर तोंड खरोखर अर्धा इंच. आपले जुने मिस्त्री सुतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. ते 'चार सुती पाना' म्हणाले तर एएफचा अर्धा इंच की व्हिटवर्थचा, हे विचारून घ्या. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ही मापं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

व्हिटवर्थ: ३/१६ म्हणजे ११.३ मिमी, १/४ म्हणजे १३.३, ५/१६ म्हणजे १५.२, ३/८ म्हणजे १८.०, ७/१६ म्हणजे २०.८, १/२ म्हणजे २३.४.

एएफ: ७/१६ म्हणजे ११.१ मिमी, १/२ म्हणजे १२.७, ९/१६ म्हणजे १४.३, ५/८ म्हणजे १५.९, ११/१६ म्हणजे १७.५, ३/४ म्हणजे १९.०५.

ही नटाची मापं आहेत. पान्याचं तोंड याहून किंचित मोठंच असतं आणि वापराने आणखी फाकतं. त्यामुळे मोजताना तोंडाच्या टोकाशी मोजू नका, आत खोलवर, जिथे झीज कमी तिथे मोजा. टोकाशी आणि आत मोठा फरक आला तर तोंड फाकलं आहे असं समजा.

आता १३.३ मिमीचा पाना हातात घेऊन पाहा. तो १३ च्या बोल्टवर बसतो, थोडा सैल वाटतो आणि जोर लावला की बोल्टचे कोपरे खातो. गॅरेजमध्ये गोल झालेले कित्येक बोल्ट अशा सरमिसळीने गेलेत. उलट ३/८ व्हिटवर्थ आणि १८ मिमी जवळजवळ एकच, ३/४ एएफ आणि १९ मिमीही तसेच. अशा मापांवरून एकट्या तोंडाच्या आधारे कूळ ठरवू नका, पान्याचं दुसरं तोंडही मोजा. दोन्ही तोंडं मिळून उत्तर बहुधा निघतं.

एकाच तोंडावर '३/१६ डब्ल्यू' (व्हिटवर्थ) आणि '१/४ बीएस' (बीएसएफ) असे दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. बीएसएफ बोल्टचं डोकं त्याच व्यासाच्या व्हिटवर्थ बोल्टपेक्षा एक पायरी लहान असायचं. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला व्हिटवर्थ बोल्टनाही तीच लहान डोकी दिली गेली. म्हणून एकच तोंड दोन नावांनी ओळखलं जातं.

बीए (ब्रिटिश असोसिएशन) नावाचं चौथं लहान घराणंही आहे. बारीक, नाजूक पाने, ० बीए, २ बीए, ४ बीए असे आकडे. ० बीएचं तोंड सुमारे १०.५ मिमी, २ बीएचं ८.२. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगीची वीज देणारं यंत्र), मीटर, रेडिओ आणि विजेच्या जुन्या उपकरणांत हे लागतात. ढिगाच्या तळाशी जातात म्हणून लोक ते सोडून देतात. मी तरी आधी तळच चाळतो.

दुसरी पायरी: अंगावरच्या खुणा

माप झालं, आता नाव. इथे पुष्कळदा भेटणारी काही नावं अशी.

किंग डिक हे बर्मिंगहॅमच्या अॅबिंग्डन कंपनीचं नाव, बुलडॉग कुत्र्यावरून पडलेलं. त्यांचा लहान स्क्रू पाना, म्हणजे तोंड कमी-जास्त करता येणारा पाना, मोटारसायकलवाल्यांच्या फार जवळचा. ब्रिटूल वुल्व्हरहॅम्प्टनची, गॉर्डन शेफिल्डची, टेरी रेडिचची. गोगलगाईचं चित्र दिसलं तर तो बर्मिंगहॅमच्या सॉल्टलीतल्या थॉमस स्मिथचा माल.

जर्मन मालात गेडोर, हाझेट, एलोरा ही नावं रेमशाइडकडची आणि श्टालविले वुपरटालचं. आपल्याकडे मेकॅनिक गेडोरला सर्रास 'जेडोर' म्हणतात. हे नाव घेऊन भारतातही पाने बनले, म्हणून नावाखाली 'इंडिया' आहे की 'जर्मनी' हे नीट वाचा. भारतात बनलेला कमी दर्जाचा असं मुळीच नाही, पण किंमत लावताना दोन्ही एक नव्हेत.

बाहको स्वीडनचा. बी. ए. ह्योर्ट आणि कंपनी या नावाच्या आद्याक्षरांतून हे नाव तयार झालं, आणि आज ज्याला आपण सगळे स्क्रू पाना म्हणतो तो गरारीवाला (बोटाने फिरवायच्या दातेरी चाकाचा) सुटसुटीत आकार योहान पेटर योहानसनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये घडवला. नाशिकच्या टपारियाने १९६९ मध्ये हातहत्यारं बनवायला सुरुवात केली ती स्वीडिश तांत्रिक सहकार्यानेच. टपारियाची सुरुवातीची हत्यारं अजून भंगाराच्या भावात मिळतात. महाराष्ट्रातल्या संग्राहकाने ती आत्ताच बाजूला काढून ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. विलायती शिक्क्यापुढे घरच्या मालाची कुणी नोंदच करत नाही.

नावापेक्षा मालकीची खूण जास्त बोलते. 'जीआयपीआर' म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, 'बीबी अँड सीआय' म्हणजे बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. १९५१ साली या दोन्ही अनुक्रमे मध्य आणि पश्चिम रेल्वेत गेल्या, म्हणजे अशी अक्षरं मारलेला पाना सहसा त्याआधीचा. तीन रेघांचा, टोक वर असलेला बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण, आणि त्याखाली 'आय' असेल तर हिंदुस्थानी लष्कराची. बाणाजवळ बहुधा सालही असतं. १९४२-४४ चे असे पाने इथे बरेच सापडतात, कारण युद्धाचा पुष्कळ सरंजाम नंतर लिलावात निघाला.

मग दांड्यावर ठोकलेली वेडीवाकडी आद्याक्षरं असतात, कधी नुसते तीन ठिपके, कधी कानशीने पाडलेल्या खाचा. या फिटरने स्वतःच्या हत्याराला केलेल्या खुणा. गिरणीत नाहीतर वर्कशॉपमध्ये शेजाऱ्याच्या पेटीत आपला पाना जाऊ नये म्हणून प्रत्येकाची वेगळी. काही लोक त्या ग्राइंडरने काढून टाकतात, तसं करू नका. त्या पान्याने कोणाच्या तरी हातात आयुष्य काढलं, त्याचा पुरावा एवढाच असतो.

काळ ठरवताना

साल मारलेलं नसेल तर या धाग्यांवरून अंदाज बांधा.

देशाचं नाव पाहा. 'यू. एस. झोन जर्मनी' म्हणजे युद्धानंतरची ताब्यातली वर्षं, १९४५ ते १९४९. 'वेस्ट जर्मनी' म्हणजे १९४९ ते १९९०. नुसतं 'जर्मनी' असेल तर आधीचा किंवा नंतरचाही असू शकतो, तिथे आकार आणि पॉलिश पाहा.

पेटंटचा क्रमांक असेल तर चांगलंच. ब्रिटिश पेटंटची सलग क्रमवारी १९१६ साली १,००,००१ पासून सुरू झाली, त्याआधी क्रमांक दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. त्यामुळे ब्रिटिश पान्यावर सहा आकडी पेटंट क्रमांक दिसला तर तो १९१६ नंतरचा. पण पेटंटच्या सालापासून पुढे ती वस्तू कितीही वर्षं बनत राहू शकते, म्हणून पेटंटचं साल हे 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतं.

'क्रोम व्हॅनेडियम' (मजबूत मिश्र पोलादाचं नाव) ही अक्षरं १९३० च्या आसपासपासून पुढे दिसायला लागतात. चकचकीत क्रोमचा मुलामाही त्याच सुमाराचा आणि नंतरचा. त्याआधीचे बहुतेक पाने काळसर किंवा उघड्या लोखंडाचे.

इंचाचा आकडा हा जुनेपणाचा पुरावा मानू नका. भारतात मेट्रिकचा कायदा १९५६ चा आणि त्याची अंमलबजावणी पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने झाली, पण जीप, अँबॅसेडर आणि बुलेट रस्त्यावर होत्या तोवर इंची पाने बनत आणि विकले जात राहिले.

धातू आणि घडण

ओतीव आणि घडीव यांतला फरक हाताला कळायला थोडा सराव लागतो. दांड्याच्या मध्ये दोऱ्याने पाना लोंबकळत धरा आणि दुसऱ्या लोखंडाने हलकेच टिचकी मारा. घडीव पोलाद खणकन वाजतं आणि नाद रेंगाळतो. ओतीव लोखंड बद्द वाजतं. ओतीव तुकड्यावर बारीक वाळूसारखा खरबरीतपणा आणि साच्याची कड दिसते. घडीव पान्यावरही साच्याच्या दोन भागांची रेघ असते, पण चांगल्या कारखान्याने ती घासून सपाट केलेली असते. हे घासकाम किती नीट आहे यावरून कारखान्याची तळमळ कळते. चांगल्या पान्याचा दांडा हाताच्या बोटांना कुठेही टोचत नाही.

चुंबक न चिकटणारा, पिवळट किंवा तांबूस पाना मिळाला तर थांबा. तो ठिणगी न पडणारा पाना असू शकतो, दारूगोळ्याच्या कोठारांत आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांत वापरला जाणारा. संग्रहासाठी तो उत्तम. पण अशी काही हत्यारं बेरिलियम-तांब्याची असतात आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून त्यांना कानस, ग्राइंडर, पॉलिश पेपर काहीही लावू नका. फक्त कापडाने पुसा.

घेताना तपासायचं काय

साध्या पान्यात तोंडाचे दोन्ही जबडे समांतर आहेत का ते पाहा. उजेडाकडे धरलं की फट कळते. रिंग पान्यात आतले बारा कोपरे तीक्ष्ण हवेत. गोटीत (सॉकेटमध्ये) भिंतीला चीर नको, चौकोनी भोकाचे कोपरे शाबूत हवेत. स्क्रू पान्यात गरारी पूर्ण फिरवा, जबडा टोकापर्यंत न अडकता जायला हवा आणि हलवल्यावर फार खुळखुळ नको. पक्कड मिटून उजेडात धरा, पुढची टोकं जुळतात का पाहा. हातोडीत दांड्यापेक्षा डोकं महत्त्वाचं, दांडा बदलता येतो. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुललं असेल तर घ्यायला हरकत नाही, पण वापरण्याआधी ती कड घासलीच पाहिजे, नाहीतर ठोकताना तुकडा उडून डोळ्यात जातो.

चीर शोधायची जुनी युक्ती अजूनही कामाची. संशयित जागेवर रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर ओली काळसर रेघ उमटते. वेल्डिंगने जोडलेला पाना इथेच पकडला जातो. असा पाना भिंतीवर शोभेल, पण त्यावर अंगाचा जोर टाकायचा नाही. त्याच न्यायाने, पक्कडीच्या मुठीवरचं जुनं रबर विजेच्या कामासाठी कधीही विश्वासाचं धरू नका.

भाव विचारताना एकाच पान्याकडे बोट दाखवू नका. चार-पाच मिळून उचला. ढीगवाला बहुधा सगळ्यांचा एक आकडा सांगतो आणि त्यातला हवा तो आपोआप येतो. संच फोडायचा मोह मात्र टाळा. जावा किंवा बुलेटच्या टूलकिटची कापडी वळकटी पाने-स्क्रूड्रायव्हरसकट मिळत असेल, तर एखादं हत्यार वेगळं घेण्यापेक्षा सगळंच घ्या. एकदा विखुरलेला संच पुन्हा जमवणं जवळजवळ अशक्य.

सरकारी खुणा असलेल्या मालाबद्दल सावध राहायलाच हवं. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. जीआयपीआरसारखी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची खूण वेगळी आणि आत्ताच्या कार्यशाळेची ताजी खूण वेगळी. ताजी खूण असलेला माल लिलावाच्या कागदाशिवाय घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

साफ करताना

आधी फोटो, मग हात. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवलं की ग्रीस आणि मळ सुटतो. टूथब्रशने घासा, पुसा आणि इथेच थांबता येतं का ते बघा. तपकिरी-काळसर थर, जो हाताला गुळगुळीत लागतो, तो ठेवायचा. केशरी, भुगा पडणारा गंज तेवढा काढायचा. चकचकीत करून टाकलेला जुना पाना मला कधीच बरा वाटला नाही. अक्षरांच्या कडा बुजतात आणि काळ सांगणाऱ्या खुणा जातात.

जास्त गंज असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून दर थोड्या वेळाने पाहा. निघाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा म्हणजे आम्ल मरेल, लगेच वाळवा आणि तेल लावा. क्रोम उडालेल्या पान्याला आणि स्प्रिंगला व्हिनेगर नको. आम्लाने क्रोमची पापडी आणखी सुटते आणि कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. संडास धुवायचं अॅसिड तर मुळीच नाही.

फार गंजलेल्यासाठी वीज वापरतात. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, पाना बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोकाला. दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नको. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे मोकळ्या हवेत करा, विडी-सिगारेट लांब ठेवा आणि आधी चार्जर बंद करून मगच पाना काढा.

युद्धकाळातल्या काही हत्यारांवर कॅडमियमचा मुलामा असतो, फिका राखाडी-पिवळसर. त्याला तारेचा ब्रश लावू नका, त्याची धूळ विषारी असते. तेलाच्या फडक्याने पुसणं पुरेसं आहे.

लाकडी मुठींना अळशीचं तेल पातळ लावा, जास्तीचं पुसून टाका. ती फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात फेकू नका, अळशीचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

पावसाळा आणि नोंदवही

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जूनपासून चार महिने हवाच गंज चढवते. शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात प्रत्येक पान्यावर मे महिन्यातच फिरवून ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या पुन्हा वाळवून वापरा. पेटी सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नका, खाली फळी द्या. घाम आलेल्या हाताने हाताळलेला पाना पुसल्याशिवाय परत ठेवू नका, बोटांचे ठसे गंजात उमटतात.

नोंदवहीत प्रत्येक हत्याराला एक क्रमांक द्या, पण तो हत्यारावर कोरू नका, सुतळीने चिठ्ठी बांधा. मोजलेली दोन्ही तोंडं मिलिमीटरमध्ये, सगळी अक्षरं जशीच्या तशी, कुठे घेतलं आणि विकणाऱ्याने काय सांगितलं, हे लिहा. 'लोअर परळच्या गिरणीतून निघालेला माल' एवढं वाक्यही पुढे मोलाचं ठरतं, आणि ते त्याच दिवशी लिहिलं नाही तर राहून जातं. विकणारा जुना फिटर असेल तर किंमत देऊन झाल्यावर चहा मागवा आणि तो पाना कशाला वापरायचा ते विचारा. मागाचा, पंपाचा, इंजिनाचा खास पाना कोणत्याही यादीत सापडत नाही, तो त्याच्याच तोंडून कळतो.

परदेशी राहणाऱ्यांनी गावाकडून आजोबांची पेटी नेण्याआधी एक लक्षात ठेवावं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांवरच्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या. आणि पाने विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षातपासणीत काढून घेतले जातील, ते चेक-इन सामानातच जाऊ द्या.